मोबाईल गेटवर जमा करायच्या आधी पोरांना एकदा विचारा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वी तुमच्या पेपरात एका काकांचं पत्र आलं होतं, की कॉलेजच्या पोरापोरींचे मोबाईल सकाळी गेटवर पोत्यात जमा करा आणि संध्याकाळी वापस द्या, तेव्हाच कुठं शिक्षण सुधरेल. ते पत्र आमच्या स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून झालं, दोघातिघांनी माना डोलावल्या, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. काकांची तळमळ मला कळते. त्यांच्या नातवाचं बारावीचं वर्ष रील पाहण्यात गेलं असं त्यांनी लिहिलंय, असे नातू आमच्याकडंही आहेत, मी नाकारत नाही. पण जे पोरगं मोबाईलवर खरंच शिकतं ते कशापायी शिकतं, हे त्या पत्रात कुठंच नव्हतं, आणि आमच्या स्टाफरूममध्येही कुणी विचारलं नाही. अशी पोरं आहेत साहेब, याच गावातली, याच कॉलेजातली, मी रोज पाहते त्यांना, म्हणून लिहायला बसले.

मी यवतमाळ जिल्ह्यात आर्णी-घाटंजीच्या पट्ट्यातल्या एका कॉलेजात बीएस्सीला केमिस्ट्री शिकवते, तासिका तत्त्वावर, यंदा नववं वर्ष. आमच्या पोरांच्या घरी कापूस, सोयाबीन, तूर, कुणाकडं थोडं ओलित असलं तर चना. बरीचशी तांड्यावरून येतात, काही कोलाम पोडावरून (कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून), आणि घरातलं कॉलेजात आलेलं पहिलंच माणूस म्हणजे हे पोरगं, असं तर कितीतरी घरांत. दहावीपर्यंत सगळं मराठीत, मग अकरावीला सायन्स घेतलं की अचानक सगळं इंग्रजीत, आणि बीएस्सीला येईपर्यंत पोरगं वर्गात तोंड उघडायचंच विसरून जातं. हे मुद्दाम आधी सांगते, कारण पुढचं सगळं यातूनच निघतं.

मागच्या वर्षीची गोष्ट. ऑर्गॅनिकमध्ये सायक्लोहेक्झेन चालू होतं. सहा कार्बनची रिंग, ती सपाट नसते, खुर्चीच्या आकाराची असते, प्रत्येक कार्बनवर एक बॉण्ड उभा (ॲक्सियल) आणि एक आडवा, आणि रिंग पलटली की उभे ते आडवे होतात, आडवे ते उभे. वाचायला दोन ओळी आहेत पण फळा सपाट आहे, आणि सपाट फळ्यावर ती खुर्ची कितीही नीट काढली तरी निम्म्या वर्गाला ती मोडक्या खाटेसारखी दिसते. लॅबमध्ये गोट्या आणि काड्यांचं एक मॉडेल आहे, त्यातल्या काड्या कधीच्याच हरवल्या. मी दोनदा सांगितलं, पोरांनी माना हलवल्या, मी पुढं गेले.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल संपलं, सगळे गेले, आणि तांड्यावरची एक पोरगी खिडकीपाशी फोनात डोकं घालून उभी. स्क्रीनला कोपऱ्यातून तडा गेलेला, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी. मला वाटलं रील पाहते, आवाज चढवून म्हटलं काय चाललंय, तशी ती दचकली आणि फोन माझ्यापुढं धरला. स्क्रीनवर तीच रिंग होती, कार्बन काळे, हायड्रोजन पांढरे, बोटानं फिरवली की फिरायची, आणि खाली चाळीसेक सेकंदांचा तुकडा होता ज्यात ती रिंग पलटताना दिसते. तो तुकडा ती पुन्हापुन्हा लावत होती. कितव्यांदा म्हटलं तर तिनं मोजलेलं नव्हतं. म्हणाली, "मॅडम, हे पलटते तवा वरचं बाजूले जाते, मले आज दिसलं."

मी विचारलं, बाई, मग काल वर्गात का नाही विचारलंस? तर खाली पाहत म्हणाली, "तुम्ही दोनदा सांगतलं होतं न मॅडम. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर सारे हासले असते. ह्याले कितीकदाबी विचारलं तरी हे कटाळत नाही."

त्या दिवशी मी घरी जाऊन नीट जेवले नाही, खरं सांगते. नऊ वर्षं मी वर्गात "समजलं का" विचारते आणि समोरून "हो मॅडम" येतं, आणि तो "हो" कशाचा असतो ते मला एका फुटक्या स्क्रीनच्या फोननं दाखवलं. समजलं नाही म्हणून सांगायची त्यांना लाज वाटते. गरीब घरचं, मराठी मीडियमचं, मागच्या बाकावरचं पोरगं वर्षानुवर्षं ही लाज दप्तरासारखी पाठीवर घेऊन येतं, आणि मोबाईल त्याला पहिल्यांदा अशी जागा देतो जिथं चुकलं तरी कुणी पाहत नाही, थांबवता येतं, मागं नेता येतं, ०.७५ स्पीडवर लावून इंग्रजीतला एकेक शब्द सुटा करून ऐकता येतो. मी नंतर बऱ्याच पोरांशी बोलले, वर्गात नाही, प्रॅक्टिकलच्या वेळी एकेकाला बाजूला घेऊन, आणि शब्द वेगवेगळे होते पण फिरून फिरून हेच निघायचं. एकजण तर म्हणाला की हिंदीतले यूट्यूबवाले सर "बेटा, नहीं समझा तो वापस देखो" म्हणतात ते त्याला फार बरं वाटतं, कारण आजपर्यंत त्याला तसं कुणी म्हटलेलंच नव्हतं.

आता दुसरं पोरगं सांगते, बीएस्सी फायनलचं. घरी चार एकर, विहिरीवर मोटर, आणि ओलिताची थ्री फेज लाईट आळीपाळीनं येते, काही दिवस दिवसाची आणि काही दिवस रात्रीची, हे तुमच्या वाचकांना सांगायला नको. रात्रीची पाळी आली की बाप आणि हा, दोघंही वावरात. चन्यात स्प्रिंकलर लावले की तीनेक तासांनी पाईप उचलून पुढच्या पट्ट्यात न्यायचे, मधला वेळ थंडीत नुसतं बसून राहायचं. या पोरानं मला एक दिवस येऊन विचारलं, "मॅडम, व्हिडिओ नका पाठवू, नुसता आवाज पाठवान का? व्हिडिओले डोळे लागतात, आवाज आयकता आयकता पाईप बदलवता येते. अन् नेटबी कमी लागते." म्हणून मी माझे धडे दहा-दहा मिनिटांचे रेकॉर्ड करायला लागले, मराठीत, मध्ये मध्ये इंग्रजी शब्द त्याच्या स्पेलिंगसकट. तो इअरफोनची एकच बाजू कानात घालतो. दुसरा कान मोकळा ठेवायचा, रानडुकरं आली तर कळायला पाहिजे.

काकांनी लिहिलंय मोबाईलनं पोरांचं लक्ष उडालं. या पोराचं लक्ष रात्री दोन वाजता वावरात कायनेटिक्सच्या फर्स्ट ऑर्डर रिॲक्शनवर होतं, आणि सकाळी साडेनऊच्या एसटीनं तो कॉलेजात आला तेव्हा वर्गात पेंगत होता. वर्गात पाहणाऱ्याला तो आळशीच दिसणार. त्याला फोन आवडतो तो एवढ्यासाठी की फोन त्याच्या वेळेला शिकवतो. विद्यापीठाचं टाइमटेबल लाईटच्या पाळीप्रमाणं लागत नाही आणि वेचणीच्या हंगामाप्रमाणंही नाही, दिवाळीच्या आगेमागे आमचे वर्ग अर्धे रिकामे असतात कारण पोरं कापसात असतात. त्यांना वर्गातला तास चुकतो पण शिकायचं सोडायचं नसतं, आणि त्या दोन्हीतली फट भरणारं त्यांच्याजवळ दुसरं काय आहे सांगा.

प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या नेट-सेट परीक्षेच्या पेपर एकच्या तयारीत मी काही नावं पाठ केली होती, तेव्हा मार्कांसाठी, अर्थ आत्ता लागला. फ्रेड डेव्हिस म्हणून एका अमेरिकन अभ्यासकानं १९८९ मध्ये मांडलं होतं की माणूस नवीन यंत्र हातात घेतो ते दोन गोष्टी पाहून, हे मला उपयोगाचं आहे का आणि वापरायला सोपं आहे का, आणि त्यातलं उपयोगाचं पारडं जड असतं. त्याचा अभ्यास ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचा होता पण आमच्या बसस्टँडवर लागू पडतो. २०२३ ची तलाठी भरती आठवा, ४६४४ जागा आणि दहा लाखांच्या वर अर्ज. परीक्षा कॉम्प्युटरवर. तेव्हा आमच्या कॉलेजच्या पायऱ्यांवर, पानठेल्यापाशी, एसटीत उभ्या उभ्या पोरं फोनवर मॉक टेस्ट देत होती, ज्या पोरांनी ग्रंथालयाचं तोंड पाहिलं नव्हतं तीही. कुणी सक्ती केली नव्हती. त्या ॲप धड चालायच्या नाहीत, मध्येच जाहिराती यायच्या, इंग्रजी-मराठीची खिचडी, म्हणजे सोपं काहीच नव्हतं, पण पुढं एक दार दिसत होतं. माझी केमिस्ट्री त्यांना कुठलं दार उघडून देते हे मी त्यांना सांगू शकत नसेन तर माझा व्हिडिओ ते का पाहतील? हा प्रश्न मला स्वतःलाच टोचतो, कारण बीएस्सी करून गावात नोकरी कुठं आहे हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आता माझी एक चूक सांगते, ती सांगितल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं की व्हिडिओ पूर्ण पाहिला त्याचा स्क्रीनशॉट पाठवायचा, त्याला इंटर्नलचे पाच मार्क. पहिल्याच आठवड्यात स्क्रीनशॉटचा पाऊस. मी खूश. मग एक दिवस प्रॅक्टिकलला बॅगा ठेवलेल्या टेबलावरून माझाच बारीक आवाज ऐकू आला, पाहते तर तीन बॅगांत तीन फोन, तिन्हीवर माझा व्हिडिओ चालू आणि पोरं ब्युरेट भरण्यात गुंग. मी रागावले नाही, रागावण्यासारखं त्यांनी काही केलं नव्हतं, मी स्क्रीनशॉट मागितला होता आणि ते स्क्रीनशॉट देत होते. पुढच्या सेमिस्टरला मार्क बंद केले तर व्हिडिओ पाहणं पहिल्यापेक्षाही कमी झालं. आधी जी दहाबारा पोरं आपणहून पाहायची त्यातलीही गळाली.

एडवर्ड डेसी नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या पोरांवर नेमकं हेच करून पाहिलं होतं. ठोकळ्यांचं एक कोडं सोडवायला दिलं, एका गटाला मध्ये एकदा कोडं सोडवल्याचे पैसे दिले, मग पैसे बंद केले आणि मोकळ्या वेळात कोण आपणहून ते कोडं हातात घेतो ते लपून पाहिलं. ज्यांना पैसे मिळाले होते त्यांचा ओढा नंतर कमी झाला. पुढं डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडलं की माणूस मनापासून काही करतो तेव्हा त्याला तीन गोष्टी लागतात: आपल्या मर्जीनं चाललंय असं वाटणं, आपल्याला हे जमतंय असं वाटणं, आणि आपल्यासोबत कुणीतरी आहे असं वाटणं. मी पाच मार्क देऊन पहिली गोष्टच काढून घेतली होती.

मी केलं ते आता सगळीकडं मोठ्या प्रमाणावर चालू आहे, म्हणून सांगते. एका कॉलेजात (नाव लिहीत नाही) विकत घेतलेली ॲप सक्तीची केली, तिच्यात रोज हजेरी, रोज क्विझ, टॉप दहाची यादी नोटीस बोर्डावर. पोरं वर्गाच्या ग्रुपवर क्विझची उत्तरं सकाळीच टाकून देतात. यादीत जे खाली राहतात त्यांना परत तीच लाज, फक्त आता बोर्डावर छापून. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाईलला ते छान दिसत असेल, पण ज्या लाजेपासून लपायला पोरगं फोनपाशी गेलं होतं तीच तुम्ही फोनात नेऊन बसवली.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. आयआयटींच्या ऑनलाइन धड्यांचं एनपीटीईएल २००३ पासून आहे, सरकारचं ऑनलाइन कोर्सचं स्वयम २०१७ पासून आहे, फुकट आहे, एवढ्या मोठ्या मास्तरांचे धडे घाटंजीच्या पोराला ऐकायला मिळतात ही केवढी मोठी गोष्ट आहे, आमच्या काळी हे स्वप्न होतं. यूजीसीच्या २०२१ च्या नियमाप्रमाणं एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करता येतात. पण आमची पोरं नाव नोंदवतात आणि दुसऱ्या आठवड्यात सोडतात. भाषा अडते, आणि अडलं तर विचारायचं कुणाला हे कळत नाही, पलीकडचे सर फार मोठे, त्यांना प्रश्न टाइप करायचा म्हणजे इंग्रजीत, मग पुन्हा तेच, चुकलं तर. माझ्या पाहण्यात एक कोर्स शेवटपर्यंत पूर्ण झाला तो तीन मैत्रिणींचा. ग्रंथालयाच्या ओसरीत एका फोनवर तिघी पाहायच्या, एक इंग्रजी ऐकून मराठीत सांगायची, एक लिहून घ्यायची, आणि तिसरी, जिचा फोन होता, ती दर पाच मिनिटाला थांबवून "आता मले सांगा" म्हणायची. परीक्षेची फी तिघींनी वेचणीच्या पैशातून भरली. एकीला सोडावंसं वाटलं होतं मधात, पण मग बाकी दोघींचं कसं व्हायचं म्हणून थांबली.

पोरींचं वेगळं सांगायला पाहिजे कारण त्यावर कुणी बोलत नाही. घरात फोन असतो, पण तो भावाचा असतो. गावोगावी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींचा आकडा आहे: ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. हा वयोगट माझ्या विद्यार्थिनींच्या पाठोपाठचा, म्हणजे हीच पोरं आता आमच्या वर्गात येऊन बसलीत. एका पोरीला फोन रात्री साडेनऊनंतर मिळतो, भाऊ झोपला की, आणि तोवर रोजच्या दीड जीबीतला बहुतेक नेट संपलेला असतो. ती काय करते, तर सकाळी कॉलेजच्या ऑफिसबाहेर माझ्या हॉटस्पॉटवर सगळं डाउनलोड करून ठेवते आणि रात्री पाहते, तेही चादरीत, कारण आई म्हणते पोरीच्या तोंडावर रात्री मोबाईलचा उजेड बरा दिसत नाही, लोक काय म्हणतील. काकांना मला विचारायचंय, गेटवर या पोरीकडून तुम्ही काय जमा करून घ्याल? तिच्याजवळ दिवसा फोनच नसतो.

पैशाचंही सांगते. २०१६ च्या आधी एक जीबी नेटला अडीचशेच्या आसपास लागायचे, मग स्वस्ताई आली आणि त्यानंच तर ही पोरं नेटवर आली. पण जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवले, रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा जो पॅक आमची पोरं मारायची तो २३९ चा २९९ झाला. शहरात साठ रुपये म्हणजे एक कॉफीही नाही म्हणतात. आमच्याकडं कापूस वेचणीला किलोमागं दहा रुपये धरा, म्हणजे एक रिचार्ज तीस किलो कापूस. तीस किलो कापूस वेचताना बोटांची काय गत होते, पऱ्हाटीच्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला कशी घुसतात, ते मी माझ्या आईच्या हाताला पाहिलंय. एवढं करून पोरगी पॅक मारते आणि मग मी तिला तीनशे एमबीचा व्हिडिओ पाठवते, त्यात पहिली दोन मिनिटं माझं "नमस्कार विद्यार्थी मित्रांनो". मी ते बंद केलं. आता ऑडिओ, आणि फळ्याचा एक नीट फोटो, संपलं.

रीलबद्दल काकांचं म्हणणं मला मान्य आहे एवढ्यापुरतं, की वर्गात तास चालू असताना फोन बॅगेत पाहिजे, तो मीही ठेवायला लावते. रीलसाठी डोकं लागत नाही, थकलेल्या माणसाला ते सोपं जातं, मोठ्यांनाही, आमच्या स्टाफरूममध्येही दुपारी सगळ्यांच्या माना खालीच असतात. पण जप्तीनं पोरगं पुस्तकाकडं वळत नाही, ते नुसतं फोनची वाट पाहत बसतं.

मग करायचं काय, तर माझ्या मनात आहे ते लिहिते, फार मोठं काही नाही. कॉलेजातल्या, तालुक्यातल्या ग्रंथालयांनी संध्याकाळी दोन तास उघडं राहावं, वायफाय आणि चार्जिंगचे चार बोर्ड लावून, आणि तिथून शेवटची एसटी सुटते त्या वेळेचा विचार करून, नाहीतर पोरींना उपयोग नाही. आम्ही शिकवणाऱ्यांनी मराठीत छोटं रेकॉर्डिंग करावं, स्टुडिओ लागत नाही, घराच्या मागच्या खोलीत पंखा बंद करून होतं. ॲपची सक्ती, स्क्रीनशॉट आणि टॉप दहाच्या याद्या काढून टाका. पोरांना प्रश्न विचारायला एक जागा द्या जिथं नाव दिसत नाही. मी एक साधी गोष्ट केली, वर्गाच्या दारापाशी खोक्याला फट पाडून ठेवली, चिठ्ठी टाका, नाव लिहू नका, आणि रात्री त्यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी ग्रुपवर आवाजात देते. पहिल्या आठवड्यात तीन चिठ्ठ्या होत्या. आता खोकं दर शुक्रवारी भरतं, आणि त्यातले प्रश्न इतके मुळातले असतात की माझे डोळे भरून येतात, एकानं विचारलं होतं "मोल म्हणजे नेमकं काय, अकरावीपासून कळलं नाही." अकरावीपासून, साहेब. तेव्हापासून तो "हो मॅडम" म्हणत होता. त्याला उत्तर द्यायला मला तीन रात्री लागल्या, डझन म्हणजे बारा तसं मोल म्हणजे ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण, असं पुस्तकात असतं तसं सांगून भागलं नसतं. मग मी कापसाच्या क्विंटलपासून सुरुवात केली, की बोंडं कुणी मोजत नाही, काट्यावर टाकतात आणि वजनावरून अंदाज येतो, तसंच कण मोजता येत नाहीत म्हणून वजन करतात, १२ ग्रॅम कार्बन तोलला की त्यात तेवढे कण आले. तो ऑडिओ पोरांनी दुसऱ्या कॉलेजातल्या पोरांनाही पाठवला म्हणे.

आमचे प्राचार्य चांगले आहेत, ते ऐकतात, ग्रंथालयाचं त्यांनी मनावर घेतलंय पण शिपायाच्या ओव्हरटाइमचा प्रश्न आहे. तुमच्या पेपरनं हा विषय लावून धरला तर बाकी गावांतही हलेल असं वाटतं. आणि काकांना विनंती, एक दिवस आमच्याकडं या, नातवाला घेऊन, खरंच या, जेवायला घरी या.

ती सायक्लोहेक्झेनवाली पोरगी आता फायनलला आहे. तिच्या तांड्यावरच्या दोघी यंदा बीएस्सी फर्स्ट इयरला आल्या, एक तिची चुलत बहीण. परवा तिनं चुकून माझ्या नंबरवर एक व्हॉइस नोट पाठवला, त्या दोघींसाठीचा होता. सहा मिनिटांचा. सगळा गोरमाटीत, म्हणजे तांड्यावरच्या बंजारा बोलीत. मला गोरमाटी येत नाही, मध्ये मध्ये कार्बन, बॉण्ड, ॲक्सियल एवढंच कळत होतं, आणि एके ठिकाणी मागं बकरी ओरडली तशी ती थांबली, हसली, आणि मग तोच भाग पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागली, हळू.

आपली,
एक तासिका तत्त्वावरील प्राध्यापिका
जि. यवतमाळ